फुजैराच्या चढणीवर घसरलेला क्लच

शुक्रवारी सकाळी अल मनखूलच्या घरून आम्ही दोघं नवरा-बायको मोटरसायकलवर निघालो तेव्हा माझ्या डोक्यात एकच होतं, संजू. माझा धाकटा भाऊ. त्याचं जहाज फुजैराबाहेर नांगर टाकून उभं होतं आणि अस्रपर्यंत (तिसऱ्या प्रहरच्या नमाजापर्यंत) त्याला किनाऱ्यावर उतरायची परवानगी होती. जहाजावर गेल्यापासून त्याचं फोनवरचं बोलणं तुटक झालं होतं. देवगडहून आई सारखी म्हणायची, "तो बरा आहे ना गं? समोर बसवून विचार त्याला." जहाज पुन्हा इकडे कधी येणार, कुणालाच ठाऊक नव्हतं.

आमच्या ह्यांनी आदल्या संध्याकाळी गाडीचं ऑइल बदललं होतं. मेव्हण्याला भेटायला जायचं तर गाडीचाही थाट हवा! ऑफिसच्या नव्या कारसाठी आलेला भारीतल्या ऑइलचा एक डबा ट्रान्सपोर्टवाल्या मित्राने दिला होता. महाग ते चांगलं, हा आपल्याकडचा न्याय. मीही कौतुकच केलं.

अल धैदपर्यंत मजेत आलो. तांबडी वाळू, खजुराच्या बागा, रस्त्याकडेला रवंथ करणारे उंट. पुढे हजरचे उघडेबोडके डोंगर सुरू झाले आणि पहिल्याच चढणीवर इंजिन जोरात ओरडू लागलं. गाडी मात्र जागची हलेना. जळका वास आला.

"क्लच स्लिप होतोय," हे म्हणाले.

उतारावरून कसेबसे धैदला परतलो, तर जुम्म्याच्या नमाजासाठी सगळी दुकानं बंद. एका कॅफेटेरियाच्या ओट्यावर सुलेमानी (बिनदुधाचा चहा) आणि पराठा घेऊन बसलो. संजू बंदराच्या फाटकाकडे डोळे लावून बसला असेल, एवढंच दिसत होतं.

"अहो, तेल बदलल्यावरच कसं झालं हे?" मी विचारलं.

"तेल उत्तम आहे गं. कारमध्ये तेच घालतात."

"कारचा क्लचही असाच असतो?"

"नाही. कारचा कोरडा. आपला इंजिनच्याच तेलात बुडालेला असतो."

मी घरी ब्लाउज शिवते. मशीनच्या पट्ट्यावर तेल सांडलं की चाक नुसतं फिरतं, सुई हलत नाही. मी तसं म्हटलं तर हे हळूच म्हणाले, "डब्यावर लिहिलं होतं खरं, घर्षण कमी करतं म्हणून."

नमाज सुटला. स्पेअर पार्ट्सच्या दुकानाचं शटर उघडताच मी आत शिरले. मल्याळी दुकानदाराने चकचकीत डबा पुढे केला. "ये लो भाभी, फुल सिंथेटिक. नंबर वन!"

"ये कार का है ना? हमको बाइक का चाहिए. क्लच फिसलना नहीं मांगता."

"बाइक इधर कौन चलाता है?" असं पुटपुटत तो खालच्या फळीकडे वाकला. धूळ बसलेला एक डबा निघाला. त्यावर मोटरसायकलचं चित्र आणि खाली बारीक अक्षरांत, तेलात बुडालेल्या क्लचसाठी योग्य.

ह्यांनी नाक मुरडलं. "अगं, हे अगदीच साधं आहे."

"मला साधंच हवंय," मी म्हटलं. जरा जोरातच.

जुनं तेल काढून नवं ओतताना मी डबा धरला, ओढणीवर काळे डाग पडले. "क्लचच्या प्लेटा जळल्या असतील तर ह्याचाही उपयोग नाही," हे म्हणाले. दुकानदार म्हणाला, "चलेगा, इन्शाल्ला. यल्ला, जाओ."

पहिल्या चढणीवर क्लच पुन्हा घसरला. मी डोळे मिटून कुणकेश्वराला हाका मारत होते. दुसऱ्या चढणीवर घसरणं कमी झालं. मसाफीच्या बाजारात गालिचे टांगलेले होते, कलिंगडांच्या राशी होत्या. एरवी मी तिथे उतरल्याशिवाय राहिले नसते. त्या दिवशी "थांबू नका" एवढंच म्हणत राहिले.

संजू फाटकाबाहेर बसला होता, वाळलेला, काळवंडलेला. त्याला जहाजावर नेणारी लाँच सुटायला थोडाच वेळ उरला होता. धापा टाकत मी उशिराचं कारण सांगू लागले, मशीनच्या पट्ट्यासकट सगळं. तो हसायला लागला. "ताई, तू ऑइल निवडलंस? तू?" हसतच सुटला. त्याने तोंड ओंजळीत झाकलं, खांदे हलत राहिले, आणि तो रडतोय हे मला जरा उशिराच कळलं. हे गाडीकडे वळून उगाच चाक तपासू लागले.

"नाही जमत गं मला तिथे."

"मग ये. हा करार संपला की सरळ घरी ये."

"अण्णा काय म्हणतील?" त्याला आमच्या वडिलांचा धाक.

"अण्णांना मी सांगते."

त्याने मान डोलावली, डोळे पुसले आणि लाँचकडे गेला.

परतीच्या चढणीवर गाडीने कुरकूर केली नाही. "बघ, धरला क्लच!" हे आनंदाने ओरडले. मी नुसतं हं म्हटलं. फुजैरात काय पाहिलं असं तुम्ही विचाराल, तर तिथला किल्ला पाहायचा राहिला, समुद्रही धड पाहिला नाही. आणखी अर्धा तास उशीर झाला असता तर संजूने जहाजावरून फोन करून "मी मजेत आहे" म्हटलं असतं, आणि मी आईला तेच कळवून मोकळी झाले असते.