काजं करताना ऐकलेली कादंबरी

शिवणवाल्या आजींची जीभ म्हणजे कात्री, असं अख्खी गल्ली म्हणायची. काचबिंदूने डोळे गेले, मशीन कोपऱ्यात गेलं, पण या कात्रीची धार काही गेली नाही. मुलाने फोनवर ऑडिओबुकं लावून दिली, तेव्हापासून ही कात्री पुस्तकं वाचणाऱ्यांवर चालू लागली. पुस्तक संपलं की आजी सुनेला हाक मारायच्या, "ये गं, अभिप्राय घे." मग सून त्यांचं बोलणं रेकॉर्ड करून ऑडिओबुकांच्या कंपनीला पाठवायची.

"या बाबाला वाचायला बसवण्याआधी चहा तरी पाजत जा. खून झाला तरी बसची वेळ सांगितल्यासारखा सांगतो." एका कादंबरीत म्हातारा मरता मरता वाचणारा अडखळला, "थांबा, परत घेतो" म्हणाला, आणि ते कुणी कापलंच नाही. "एकाच पानावर दोनदा मेला हो तो," आजी म्हणाल्या. "घरच्यांनी रडायचं तरी किती?" सुनेची हसून पुरेवाट झाली.

खरं सांगायचं तर आजींना यातलं एकही पुस्तक नको होतं. त्यांना आजोबांचा आवाज हवा होता, आणि तो आता कुठून मिळणार?

आजोबा गोदामात कामाला होते. संध्याकाळी ते घरी आले की आजींचं मशीन बंद व्हायचं. खडखडाटात वाचलेलं ऐकू येत नाही, म्हणून काजं, बटणं, तुरपाई असलं हातकाम त्या मुद्दाम त्या वेळेला राखून ठेवायच्या. एक कादंबरी तर आजोबांनी कितीदा वाचली असेल, देव जाणे. पुरात हरवलेली पोर, तिला शोधत वणवण फिरणारी आई, आणि शेवटी एका सकाळी पोर दारात येऊन उभी. त्या शेवटावर आजींचा भारी जीव. त्यांची स्वतःची थोरली लेक लहानपणीच तापाने गेली होती. तेव्हा आजोबांनी डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. आजींनी संसार सगळा नीट केला, पण हे काही त्यांना माफ केलं नाही.

तीच कादंबरी एक दिवस फोनवर आली. आवाज नाही तर नाही, शब्द तरी ह्यांच्या तोंडचे ऐकू, म्हणून आजी दुपारी दार लोटून बसल्या.

संध्याकाळी सून कामावरून आली, तर आजी लालबुंद. "घे अभिप्राय. बाई वाचते छान, पण म्हणावं, लाज नाही वाटत? पोर मेलेली सापडते म्हणे. शेवट पदरचा घातलाय मेल्यांनी. तो काढा आणि खरा वाचा."

सुनेने रेकॉर्ड केलं, पण पाठवण्याआधी कपाटातलं सासऱ्यांचं पुस्तक काढून शेवटचं पान उघडलं. ते तिने पुन्हा एकदा वाचलं.

"काय झालं गं?"

"आई, त्या बाईने बरोबर वाचलंय. पुस्तकात मुलगी नदीकाठी सापडते. दारात कुणी येत नाही."

"मग हे काय वाचायचे?"

आजी मांडीवरच्या चादरीची तुरपाई बोटांनी चाचपत राहिल्या.

"त्या पानाशी आले की हे थांबायचे," त्या हळूच म्हणाल्या. "घसा सुकला म्हणायचे. मी सुईवरून मान वर करत नसे. म्हणायची, पाणी प्या आणि आटपा लवकर."

मग त्या रडल्या. लेकीसाठी रडून झालं होतं, आज नवऱ्यासाठी रडल्या.

"तो अभिप्राय पुसून टाक," डोळे पुसत त्या म्हणाल्या. "आणि ते पान मला वाचून दाखव. आहे तसंच वाच. ह्यांनी एकट्यानेच किती वेळा वाचायचं ते?"

सून पलंगाच्या कडेला बसून वाचू लागली. नदीकाठाशी आली आणि तिचा आवाज फुटेना.

"पाणी पी," आजी म्हणाल्या. "सावकाश पी. मी थांबते."