जागा धर

मागच्या थंडीत आम्ही सासूबाईंना घेऊन बोरिवलीहून बोटीने खाडीपलीकडे, गोराईला, दोन दिवस राहायला गेलो. लोक बेटावर सुट्टी घालवायला अंदमानला जातात, आमचं बेट हेच. बेत नवऱ्याचा, त्यामुळे काळजीही त्याचीच. घोडा बिथरतो म्हणून टांगा नको, भाड्याची स्कूटर तर नाहीच नाही. बोटीतली जॅकेटं छताला करकचून बांधलेली असतात म्हणून लेकीसाठी नवं नारिंगी लाइफ जॅकेट आणलं, आणि त्याचे पट्टे असे आवळले की पोरीला धड वाकता येईना. मी हसले तर म्हणाला, "तू गप्प बस गं. खाडी आहे ती."

पलीकडे उतरलो तर शेअर रिक्षा एकच, आणि माणसं ही एवढी. आम्ही याच शहरात वाढलेलो, रिकामी सीट दिसली की डोकं बंद पडतं. सासूबाईंना हात देऊन बोटीतून उतरवता उतरवता हा ओरडला, "पळ बाळा, जागा धर!"

पोरगी पळाली. मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. बॅगा उचलून आम्ही वर आलो, तर रिक्षा गेलेली होती.

"मेल्या, चेडू खंय?" नात दिसेना तशा सासूबाई मुलावर किंचाळल्या. त्याला खाडीत ढकलून द्यावं इतका राग आला होता, आणि भीती त्याहून मोठी होती.

सुकट विकणाऱ्या एका मावशीने हात केला. "नारिंगी जाकीटवाली ना? बीचकडे गेली बघ रिक्षा."

सासूबाईंना मावशीजवळ बसवून आम्ही धावत सुटलो. मी चपला हातात घेतल्या होत्या.

बीचजवळ तीच रिक्षा उभी होती. रिक्षावाला बाहेर डोकं खाजवत होता. "तुमची काय? दोन बायका बसल्या, मला वाटलं त्यांचीच. त्यांना वाटलं माझी. आता उतरतच नाय ओ ही."

आत मागच्या सीटवर आमची लेक जॅकेटसकट आडवी पसरली होती, हात इकडे, पाय तिकडे.

"पप्पा, लवकर ये ना! त्या काकी उतरल्या, मग मी त्यांची पण जागा धरली."

नवरा तिचे पट्टे सोडवायला गेला, पण त्यानेच आवळलेला एकही पट्टा सुटेना. मग तो तिथेच, रस्त्यावर, मटकन खाली बसला आणि सगळ्यांसमोर हुंदके देऊन रडायला लागला. मी हातातल्या चपला खाली टाकल्या आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला.

लेक घाईघाईने सरकली आणि सीटवर हात थोपटत म्हणाली, "पप्पा, खाली का बसलास? इथे धरलीय ना तुझी जागा."