पाकिटाची मागची बाजू

माझी पत्रं आजही आबांच्या मार्फत येतात. पत्त्यात आधी माझं नाव, मग 'मार्फत', मग आबांचं नाव आणि फ्लॅट नंबर. कुसगावच्या ज्या सोसायटीच्या गेटवर मी बसतो तिथल्या केबिनला नंबर नाही, आणि नंबर नसलेल्या जागी बँक काही पाठवत नाही. सातवीतून शाळा सुटलेला, परभणीकडून आलेला माणूस मी. त्याच सोसायटीत राहणारे आबा म्हणाले, "माझा पत्ता घाल की, झिजत नाही तो." तेव्हापासून आधार कार्ड, बँकेचं पाकीट, बहिणीची राखी, सगळं त्यांच्या पत्त्यावर. हे आधीच सांगून टाकतो. नंतर सांगायला तोंड राहणार नाही.

आबा रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकून होते. पाठवणारा कोण आणि घेणारा कोण हे लिहिलं नसेल तर नग गाडीत चढत नाही, हे त्यांचं ठरलेलं बोलणं. निवृत्तीनंतर ते लोकांचे अर्ज लिहायला लागले. डोंगरावरच्या एका वाडीची जुनी वाट नव्या रिसॉर्टच्या कुंपणात गेली, तेव्हा वाडीतल्या माणसांना त्यांनी सांगितलं, जे झालं ते कागदावर लिहा, पोस्टानं मला पाठवा, आणि पाकिटाच्या मागं पूर्ण नाव, वाडी, गाव घाला. निनावी कागदाला कुणी विचारत नाही. लोक तसंच करायचे. ज्यांना लिहिता येत नव्हतं ते शेजाऱ्याकडून लिहून घ्यायचे, पण मागं नाव असायचंच. मलाही अर्ज लिहायला आबांनीच शिकवलं. माझं 'महोदय' त्यांनी चार वेळा खोडलं होतं.

सोसायटीचं सगळं टपाल पोस्टमन माझ्याकडे देतो, मी ते ज्याच्या त्याच्या खणात लावतो. दोन वर्षांपूर्वी, उन्हाळा सरता सरता, एक जण मोटरसायकलवर आला. साध्या कपड्यातला. ओळखपत्र उघडलं आणि मिटलं. कुठल्या शाखेचं ते मला वाचता आलं नाही, परत दाखवा म्हणायची छाती झाली नाही. माणूस बोलायला सभ्य. माझं पोलीस व्हेरिफिकेशन झालंय का, एवढंच त्यानं आधी विचारलं. झालं नव्हतं, गावाकडचा एक दाखला अडकला होता. होईल म्हणाला, माणूस मदत करणारा असला की होतं सगळं. मग काम सांगितलं. आबांच्या नावानं येणाऱ्या प्रत्येक पाकिटाचा पुढून आणि मागून फोटो काढून त्याला पाठवायचा.

"उघडायचं नाही हां. फक्त बाहेरून. बाहेरचं तर पोस्टमनही वाचतो, त्यात कसलं गुपित?"

मला ते पटलं. खरं तर मी पटवून घेतलं. केबिनमागची खोली नोकरीबरोबर मिळालेली आहे. बायको आणि मुलगी त्या खोलीत राहतात. नोकरी गेली की तिघांनी त्याच दिवशी बाहेर.

पोस्टमन गेला की मी पाकीट रजिस्टरवर ठेवायचो. पुढून एक, उलटं करून एक. मागची बाजू नीट यावी म्हणून उजेडाकडे सरकवायचो. काम म्हटलं की नीट करायचं, ही माझी सवय. एकदा नाव पुसट आलं, तर मी ते खाली टाइप करून पाठवलं. तसं कुणी सांगितलं नव्हतं. समोरून नुसतं वर केलेल्या अंगठ्याचं चित्र यायचं. त्या अंगठ्यानं मला बरं वाटायचं, हे लिहिताना कान गरम होतात.

श्रावणात राखीचं पाकीट आलं. त्यावर आबांचं नाव होतंच, म्हणजे तेही पाठवायला हवं होतं. मागं बहिणीच्या हातचं तिचं नाव आणि सासरचं गाव. मी फोन वर धरला आणि हात थांबला. माझ्या बहिणीचं गाव त्या माणसाच्या फोनात कशाला? पाकीट तसंच खिशात घातलं. त्याच टपालात वाडीवरून आलेलं एक पाकीट होतं. त्याचा फोटो काढला. दोन्ही बाजूंनी.

पंधरा दिवसांनी वाडीच्या त्या पाकिटामागं जिचं नाव होतं ती मावशी गेटवर आली. आबा बाहेर गेले होते. मी पाण्याचा तांब्या दिला. ती उंबऱ्यावर टेकली आणि सांगायला लागली. पोलीस घरी आलते, आबाला कागद का धाडला म्हणून इचारत व्हते. लेकाला दोनदा चौकीवर बसवून ठेवलं.

"त्यास्नी कसं कळलं ओ? पोष्टातलाच कुनीतरी फुटला असल."

मी म्हणालो, "असेल."

"आबांना सांगा, मी आता कागद धाडनार न्हाई. नाव लिवा म्हन्ले, लिवलं. आता त्येच नडलं."

आबांना मी निरोप दिला. जसाच्या तसा, 'पोष्टातलाच' या शब्दासकट.

तिसऱ्या दिवशी आबा कागद घेऊन खाली आले. पोस्टमनविरुद्ध तक्रार लिहिली होती. टपाल रोज किती वाजता येतं ते माझ्या रजिस्टरवरून घालायचं होतं. हा पोस्टमन माझ्याच केबिनमध्ये बसून पाणी प्यायचा, मुलीच्या अभ्यासाची चौकशी करायचा. मी रजिस्टर उघडलं आणि मिटलं.

"आबा, त्यानं नाही. मी."

सगळं उभ्यानं सांगितलं. आबा माझ्या खुर्चीवर बसले.

"लेखी हुकूम दाखवला त्यानं?"

"नाही."

"मागितलास?"

"नाही."

त्यांनी तक्रारीचा कागद टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "आत काय लिहिलंय ते त्यांना नकोच होतं रे. मला कोण लिहितं, एवढंच हवं होतं. ते तू दिलंस."

तक्रार त्यांनी फाडली, तुकडे खिशात घातले. म्हणाले, आता तू लिहून दे. कोण आलं, काय मागितलं, तू काय दिलंस. खाली नाव, गाव, सही. मी वर विचारतो, कुठल्या हुकमानं हे केलं म्हणून. तुझ्यासोबत मी आहे.

मी लिहिलं. दोन पानं. 'महोदय' पहिल्याच वेळी बरोबर आलं. सहीपाशी पेन अडकलं. खोली डोळ्यांसमोर आली, मुलीची शाळा आली. कागद तसाच, बिनसहीचा, मी त्यांच्या खणात ठेवला.

दुसऱ्या दिवशी तो माझ्या टेबलावर होता. सहीच्या जागी पेन्सिलनं बारीक फुली केलेली.

तेव्हापासून आबा आपलं टपाल स्वतः पोस्टात जाऊन आणतात, सत्तरी ओलांडलेल्या गुडघ्यांनी. मोटरसायकलवाला एकदा आला, आता इथं त्यांचं काही येत नाही म्हटल्यावर गेला. माझं व्हेरिफिकेशन झालं. वाडीवरून पत्र आल्याचं मी पुन्हा ऐकलं नाही. हे लिहितानाही मी कुणाचं नाव घातलेलं नाही, माझंसुद्धा.

पोस्टातून येताना आबा माझंही आणतात. परवा बहिणीचं पाकीट आणलं. पत्त्याची बाजू वर करून माझ्या हातात दिलं. मागं कुणाचं नाव आहे ते त्यांनी उलटून पाहिलं नव्हतं.

"तुझं आलंय," म्हणाले, आणि कठड्याला धरून जिना चढायला लागले.

तो कागद अजून रजिस्टरच्या पुठ्ठ्यात आहे. पेन्सिलची फुली पुसट झाली आहे, पण दिसते.