आप्पांचं उपरण्याखालचं इंग्रजी

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. साहेब आले, पाट्या आल्या. नळाला पाणी तेवढं यायचं राहिलं. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवायचो आणि बी.एड.चा ताजा माज अंगात होता. गंजातल्या, म्हणजे धान्याच्या बाजारातल्या, एका म्हाताऱ्या आडत्यानं मला दुकानात बोलावलं. सगळे त्यांना आप्पा म्हणायचे. मुलगा अमेरिकेत, सून तिकडचीच, पाच वर्षांची नात पहिल्यांदाच येणार. तिला मराठीचा गंध नाही.

"नातीसंगं बोलायचंय," आप्पा म्हणाले. "दोन महिने हायेत."

मी पुस्तक उघडलं. 'धिस इज अ पेन.'

"पेन हाय हे पोरीला दिसंना का? दुसरं दाखवा."

माझं डोकंच फिरलं. भाषा क्रमानं शिकायची असते, आधी नाम, मग क्रियापद, असं मी तावातावानं सांगितलं. आप्पांनी शांतपणे आपली मागणी सांगितली: भूक लागली का, कुणी मारलं, बापाला सांगू नको. एवढंच इंग्रजी पाहिजे, बाकीचं तुमच्याकडंच ठेवा.

बरं, तेवढंही डोक्यात राहीना! घोकून घेतलं, गिरवून घेतलं. सकाळी पाटी कोरी. शेवटी वैतागून म्हटलं, "आप्पा, तुम्ही इतक्या मालाचे भाव ध्यानात ठेवता तरी कसे?"

"बोटात." त्यांनी माझा हात उपरण्याखाली ओढला आणि एक बोट दाबलं. गंजात तेव्हा सौदे असेच व्हायचे. भाव तोंडानं बोलायचा नाही, कापडाखाली बोटं दाबून सांगायचा. "आता बोला."

एका पेराला एक वाक्य. देवाशपथ सांगतो, एका दिवसात म्हातारा तिन्ही वाक्यं शिकला! माझं बी.एड. गेलं चुलीत.

भानगड पुढं झाली. मास्तर आणि आप्पा रोज उपरण्याखाली हात घालून बसतात, म्हणजे कलेक्टर कचेरी शाळेमागं येणार आणि हे दोघं तिथल्या जमिनीचा सौदा करतायत, असं बाजारानं ठरवून टाकलं. शाळेमागच्या खडकाळ माळाचा भाव चढला. हेडमास्तरांनी मला एकटं गाठून विचारलं, "आमच्यासाठी एखादा प्लॉट बघता का?" मी म्हटलं, "सर, आम्ही 'आर यू हंग्री' करतोय." ते आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

नात आली. आप्पांनी तिचा हात उपरण्याखाली घेऊन "आर यू हंग्री?" विचारलं. पोरगी खदाखदा हसली आणि "येस" म्हणाली. आप्पांनी भर बाजारात मला मिठी मारली. मलाही लई बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

पण टँकर फिरकेना. पोरीला तांब्याभर पाण्यात अंघोळ, सून रडकुंडीला आलेली. महिन्याचा मुक्काम आठव्या दिवशी उरकला. निरोपाला मीही गेलो. जीपच्या दाराशी आप्पांचं सगळं इंग्रजी पळालं.

"जाऊ नको गं माय," ते म्हणाले.

पोरीनं बापाला विचारलं, आजोबा काय म्हणतायत? बापानं तिला इंग्रजीत सांगितलं, "पुन्हा ये म्हणतायत."

"येस!" पोरगी आप्पांकडं बघून मोठ्यानं म्हणाली. आप्पांचा चेहरा फुलला. जीप सुटली.

धूळ खाली बसेपर्यंत ते तिथंच उभे होते. मग माझ्यावर उखडले.

"मास्तर, येस म्हणली ना ती? ह्या कानांनी ऐकलं मी. तुमच्या इंग्रजीत येस म्हणून निघून जातात का?"

बापानं पोरीला काय सांगितलं ते ऐकलेला आणि समजलेला तिथं मी एकटाच उरलो होतो. खरं सांगावं, तर मुलानं त्यांची विनवणी नातीपर्यंत पोचूच दिली नाही, हे आप्पांना कळलं असतं.

"हाव आप्पा," मी म्हणालो. "जातात."