होड्या बाहेर असताना कॉम्प्युटरला हात लावायचा नाही

"काकाला वर घेऊ की कापू देऊ? लवकर सांग!" माझा मुलगा वायरलेसवर ओरडून विचारत होता, आणि त्याच क्षणी सुनेच्या समोरचा कॉम्प्युटर निळा पडला.

नकाशा गेला. होड्या गेल्या, जहाज गेलं. निळ्या स्क्रीनवर पांढरे ठिपके गोल फिरायला लागले. त्याखाली इंग्रजीत दोन ओळी आणि एक आकडा. मी चौथी शिकलेय, इंग्रजी मला येत नाही. पण आकडे येतात. मासळी विकणाऱ्या बाईला ते यावेच लागतात. आकडा शून्य होता.

"आई, हे अपडेट घेतंय," सून म्हणाली. तिचा हात माऊसवर तसाच राहिला होता.

थंडीचे दिवस होते, उजाडून थोडाच वेळ झाला होता आणि समुद्रावर धुकं होतं. आमची होडी मोठी जहाजं जातात त्या वाटेजवळ बंद पडली होती. जाळं पंख्यात गुंडाळलं गेलं होतं, त्यामुळे इंजिन असून नसल्यासारखं. होडीवर चौघे होते. माझा मुलगा, माझा धाकटा दीर आणि दोन खलाशी. दीर सुरा घेऊन होडीखाली पाण्यात उतरला होता, पंख्यातलं जाळं कापायला. तेवढ्यात धुक्यातून मोठ्या जहाजाचा भोंगा ऐकू आला.

जहाज लांब असेल तर दिराने कापत राहायचं. जाळं सुटलं की इंजिन चालू करून बाजूला व्हायचं. जहाज जवळ असेल तर त्याला आधी वर ओढायचं, कारण जहाजाच्या लाटेने होडी उचलली जाते आणि खालच्या माणसाच्या डोक्यावर आपटते. धुक्यात भोंगा कुठून येतो ते कळत नाही. ते फक्त सुनेच्या स्क्रीनवर दिसत होतं. म्हणून मुलगा तिला विचारत होता.

सुनेने माईक तोंडाजवळ नेला. "मला दिसत नाही," ती म्हणाली. "स्क्रीन गेली. थांबा."

"थांबू कसा? भोंगा वाजतोय!"

हा कॉम्प्युटर आमच्या मच्छीमार सोसायटीचा. मनोरीला बंदरावर सोसायटीची एक खोली आहे, डिझेलचे पिंप, बर्फाचा हिशेब आणि वायरलेस तिथेच. छपरावर अँटेनाची काठी उभी केली आणि होड्यांवर जागा कळवणारा एकेक डबा बसवला, तेव्हापासून समुद्रातली प्रत्येक होडी नकाशावर छोट्या खुणेसारखी दिसायला लागली. मोठी जहाजंही दिसतात, त्यांची नावंसुद्धा. जहाजाला नावाने हाक मारली तर ते वायरलेसवर उत्तर देतं. नुसतं "बडा जहाज, बडा जहाज" केलं तर कोणी ढुंकून बघत नाही. सून बारावी झालेली, म्हणून तिला तिथे बसवली. सुरुवातीला म्हातारे नाखवे हसायचे. पुढे त्यांच्याच बायका पहाटे येऊन तिला विचारायला लागल्या, "बघ गो, आमची कुठे आहे?"

अपडेटचं तिने आल्याआल्याच सांगितलं होतं. कोपऱ्यात चिठ्ठीसारखं काहीतरी यायचं आणि ती म्हणायची, "मामा, हा घ्यायला पाहिजे. पुष्कळ दिवस साठलेत." मामा म्हणजे सोसायटीचे सेक्रेटरी. स्वतः नाखवा, दोन होड्यांचे मालक. ते म्हणायचे, "किती वेळ बंद राहील?"

"सांगता येत नाही. कधी पटकन होतं, कधी तास जातो."

"मग होड्या बाहेर असताना हात लावायचा नाही."

यात कोणालाच चूक दिसली नाही. आमच्याकडे माणूस समुद्रात असला की घरातली बाई चूल मोडत नाही, भिंत पाडत नाही, उंबरा काढत नाही. काम कितीही अडलं तरी होडी बंदराला लागल्यावर. तोच नियम कॉम्प्युटरला लावला. भांगाच्या दिवसांत, पाण्याला ओढ नसते तेव्हा, डोलीच्या, म्हणजे ओढीवर चालणाऱ्या जाळ्याच्या, होड्या परत येतात. पण गळवाले त्याच दिवसांत जातात. सगळ्या होड्या एकाच वेळी घरी असं पावसाळ्याशिवाय होत नाही.

मग पावसाळ्यात करू असं ठरलं. पावसाळा आला. होड्या वर ओढल्या आणि वरून झाकून शाकारल्या. त्याच दिवशी सेक्रेटरींनी माणसांना सांगितलं, खोली गळते, कॉम्प्युटर पण शाकारा. वायरी काढल्या, प्लास्टिक गुंडाळलं, वर ताडपत्री, सुंभाने चार वेढे. सून म्हणाली, "अहो मामा, हा चालू ठेवला तरच अपडेट होईल ना!" ते म्हणाले, "बाय, होडी तरी पावसात कोणी चालू ठेवतं का?" सगळे हसले. तीही हसली. दोन पावसाळे तो ताडपत्रीत झोपून होता. होड्या गेल्या की उठायचा.

म्हणजे त्याला अपडेट घ्यायला वर्षातला एकही दिवस उरला नव्हता. ती चिठ्ठी आली की सून "नंतर"चं बटण दाबायची. शेवटी "नंतर" संपलं. मालाडच्या ज्या माणसाने कॉम्प्युटर बसवला होता, त्याने त्यात कामाची वेळ लिहिली होती ती दुकानाची, सकाळी उशिरापासून रात्रीपर्यंत. त्या वेळात कॉम्प्युटर आपणहून बंद होत नाही. बाकीच्या वेळी कोणी काम करत नाही असं तो धरून चालतो. आमची माणसं भरतीच्या वेळेवर जातात, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

आता ते काम वेगळ्या पद्धतीने होतं. आता दुसरा जुना लॅपटॉप आणलाय. आधी तो चालू करून त्यावर होड्या दिसतात की नाही बघायचं आणि मगच मोठ्याचं अपडेट घ्यायचं, तेही भर दुपारी, सून समोर बसून. झाल्यावर सगळ्या होड्या एकेक करून मोजायच्या. पावसाळ्यात ताडपत्री नाही. हे सगळं ती पहिल्यापासून सांगत होती असं नाही. तिलाही ते त्या सकाळीच कळलं.

त्या सकाळी सेक्रेटरी लुंगीवरच धावत आले. "काय झालं? बटण दाब. बंद करून चालू कर!"

"मामा, त्यात लिहिलंय बंद करू नका म्हणून. मध्येच बंद केला आणि परत उठलाच नाही तर?"

"आणि उठायला दुपार झाली तर?"

सुनेने मालाडवाल्याला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. तो झोपेतून उठला होता. "मॅडम, हात नका लावू. होऊ दे त्याचं."

"अहो, माणूस पाण्यात आहे!"

"मॅडम, मी काय करणार आता? थांबायलाच लागेल."

सेक्रेटरींनी वायरलेसवर जहाजाला हाका मारायला सुरुवात केली. नाव माहीत नव्हतं. सुनेने ते मघाशी वाचलं होतं, पण आता आठवेना. ती कपाळावर मूठ मारत होती. आकडा थोडा वाढला आणि तिथेच थांबला.

माझी जाऊ, म्हणजे पाण्यात उतरला होता त्याची बायको, तशीच ओल्या हातांनी आली होती. मासळी निवडत होती. तिने दारातूनच विचारलं, "कोण खाली उतरलाय?"

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. तिला कळलं.

"त्याला वर घ्या," ती म्हणाली. "सांग त्यांना. आधी वर घ्या."

मी म्हणाले, "वर घेतला तर होडी हलणार कशी? जहाज सरळ आलं तर चौघे जातील."

"तुझा पोरगा वर आहे म्हणून बोलतेस तू!"

"हो, म्हणूनच बोलते. तुझा नवरा खाली आहे म्हणून तू बोलतेस."

"पंख्यात जाळं गेलं कोणाच्या हाताने? सुकाणूवर कोण होता? निस्तरायला मात्र माझा म्हातारा!"

"मग काय पोराने सुकाणू सोडून उडी मारायची?"

"दोघीपण गप्प बसा!" सून ओरडली. माझ्यावर ती पहिल्यांदाच ओरडली. सेक्रेटरींकडून परत घेतलेल्या माईकचं बटण तिच्या अंगठ्याखाली दाबलेलंच होतं. आमचं सगळं बोलणं समुद्रात ऐकू गेलं होतं.

तिने बटण सोडलं. थोडा वेळ नुसती खरखर. मग मुलाचा आवाज आला, तो आमच्याशी बोलत नव्हता. हिंदीतून खलाशांना सांगत होता, दोर खेचा, दोघं मिळून खेचा, काकाला वर घ्या. पाठोपाठ भोंगा वाजला, इतका मोठा की खोलीतलं वायरलेस थरथरलं. मग त्यांच्याकडून येणारा आवाज बंद झाला.

जाऊने माझा दंड धरला. मघाशी भांडत होती, आता नखं रुतेपर्यंत धरून उभी राहिली. मी सोडवला नाही. सून हाका मारत राहिली. उत्तर नाही. सेक्रेटरींनी जवळपासच्या होड्यांना सांगितलं, इंजिन लावा, तिकडे जा. त्यांनी विचारलं, तिकडे म्हणजे कुठे? आम्हाला तेही सांगता येईना. ते त्या निळ्याच्या मागे होतं.

आकडा परत सरकायला लागला. स्क्रीन काळी झाली, उजळली, परत निळी झाली. एकदा शंभरपर्यंत जाऊन पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली. सेक्रेटरींनी शिवी दिली आणि वायरीला हात घातला. सुनेने त्यांचा हात पिरगळून बाजूला केला. मी तिला म्हणाले, "उपटू दे त्याला, उपटू दे!" तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नवरा तिचा होता.

शेवटी कॉम्प्युटर उठला. त्यावर डोंगराचं कसलंसं छान चित्र आलं. तिने पासवर्ड टाकला, तो चुकला, परत टाकला. नकाशा उघडला. किनारा दिसला, खाडी दिसली, निळं पाणी दिसलं. पण पाण्यावर एकही खूण नव्हती. ना आमची होडी, ना गावातली दुसरी, ना जहाज.

"बुडाल्या काय सगळ्या?" जाऊ म्हणाली.

"नाही काकी, नाही. छपरावरच्या काठीची वायर ओळखत नाहीय तो." सून टेबलाखाली शिरली. छपरावरून येणारी वायर तिने उपटली, फुंकली, परत खुपसली. ती वर आली तेव्हा खुणा एकेक करून यायला लागल्या होत्या. जहाज आमच्या होडीला ओलांडून बरंच पुढे गेलेलं. आमची होडी होती तिथे. हलत नव्हती. खूण दिसते म्हणजे होडीवरचा डबा चालू आहे, एवढंच कळतं. माणसांचं काही कळत नाही.

सुनेने जवळच्या होडीला जागेचे आकडे वाचून दाखवले. ते तिकडे वळले. आम्ही त्यांची खूण सरकताना बघत बसलो. ती फार हळू सरकते.

तेच आधी बोलले. "सापडली. होडीत पाणी भरलंय, पण तरंगतेय." मग त्यांच्या माईकवर माझा मुलगा आला.

"काका वर आहे," तो म्हणाला. "हात फाटलाय. बोलतोय."

जाऊ जमिनीवर बसली. मीही बसले. सून उभीच होती. तिने विचारलं, "आणि बाकीचे?"

"लाट आली तेव्हा दोघेपण काठावर होते, काकाला खेचत होते. एक जण गेला. आम्ही शोधतोय."

"कोण?"

त्याने नाव सांगितलं. दोन्ही खलाशी झारखंडहून आलेले, हंगाम सुरू झाल्यापासून आमच्याकडे जेवायचे. त्यांना मी वाढायचे. पण नाव ऐकून तो दोघांतला कोणता, ते मला कळलं नाही. जाऊलाही कळलं नाही. सुनेलाच विचारावं लागलं. ती म्हणाली, "उंचवाला, आई. भात परत मागायचा तो." त्या खोलीत आम्ही इतका वेळ ओरडत होतो, त्यात त्या दोघांचं नाव एकदाही निघालं नव्हतं.

संध्याकाळपर्यंत गावातल्या सगळ्या होड्या शोधत होत्या. सरकारी बोट आली, गेली. त्याच्या घरी फोन सुनेने केला, हिंदी तिलाच नीट येतं. पलीकडून त्याची आई होती. सून बराच वेळ ऐकत होती, मग म्हणाली, "नहीं माँजी, अभी नहीं मिला." तो नंतरही मिळाला नाही.

त्या होडीवरचे तिघे वाचले. माझा मुलगा, माझा दीर आणि दुसरा खलाशी.