नदीकाठच्या वाटेचं गाऱ्हाणं

आमच्या वाडीतून मावशीच्या वाडीत नदीच्या कडेने चालत गेलं तर वीस मिनिटं लागतात, आणि त्या वीस मिनिटांत एकही चढ नाही. याचं मोल कोकणात राहणाऱ्यालाच कळेल. इथे शेजारच्या घरी विरजण मागायला जायचं तरी चार पायऱ्या चढा आणि सहा उतरा. ही वाट तेवढी सपाट. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला करंजाची झाडं, आणि पाऊस सरला की पावट्याचे मळे. म्हणून ब्याऐंशीव्या वर्षीही आई रोज दुपारचा चहा झाला की डब्यात काहीबाही घेऊन धाकट्या बहिणीकडे निघायची. मावशी दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली. तिला येणं शक्य नव्हतं, त्यामुळे दोघींची भेट आईच्या चालण्यावरच होती.

डांबरी रस्ता आहे, नाही असं नाही. तो घाटी चढून वर सड्याच्या पठारावर जातो, मैलभर उघड्या कातळावरून फिरतो आणि मावशीच्या घराच्या डोक्यावर येऊन थांबतो. तिथून खाली साठ पायऱ्यांची पाखाडी. बाजारातून रिक्षा बोलावली तरी ती पाखाडी काही उतरत नाही, आणि आईचे गुडघेही उतरत नाहीत.

नदीची वाट मध्ये एका आंबा-काजूच्या बागेतून जाते. बागेचे जुने मालक मुंबईला. त्यांच्या दगडी कुंपणाच्या गडग्यात एक बेडं होतं, म्हणजे दोन खांबांना भोकं पाडून आडवे सरकवलेले बांबू. जाणाऱ्याने बांबू सरकवायचे, पलीकडे गेल्यावर पुन्हा लावायचे, गुरं आत शिरू द्यायची नाहीत. एवढाच कायदा. मालकाने कधी हटकलं नाही आणि आम्ही कधी विचारलं नाही. बेडं उघडं टाकणाऱ्याला मात्र माझ्या आईने चार घरं ऐकतील अशा शिव्या घातलेल्या मला आठवतात.

मग बाग विकली गेली. नव्या मालकाने बेड्याच्या जागी लोखंडी गेट बसवलं आणि त्याला कुलूप घातलं. तेही एक वेळ गिळलं असतं. पण महिन्याभरात गेटावर रंगीत पाटी लागली: 'नदीकाठची निसर्ग सफर. फक्त आमच्या पाहुण्यांसाठी.' बागेत चार खोल्या उठल्या. पुण्या-मुंबईची माणसं टोप्या घालून, हातात काठ्या घेऊन आमच्या वाटेवरून फिरू लागली. खंड्या दिसला की फोटो काढत. करंजाला बाण ठोकले, वाट चुकू नये म्हणून! जी वाट आमच्या आया-मावश्यांनी डोईवर भारे घेऊन चालून चालून पाडली, ती दाखवायला आता माणूस ठेवला होता. त्याच्या पाठोपाठ चालणारे म्हणत, किती शांत आहे इथे. शांत असणारच. बोलणाऱ्या बायका बाहेर काढल्यावर दुसरं काय होणार?

गेटावरचा राखणदार आमच्याच वाडीतला. आईला अडवताना तोही ओशाळला. त्याने तोड सुचवली की काकू, वहीत पाहुणी म्हणून नाव लिहितो, तुम्ही जा. आईने डबा छातीशी धरला आणि म्हणाली, "माज्या बहिणीकडं जायाला मी कुणाची पावणी होऊ?" आणि परत फिरली. दुधातला शिरा होता त्यात. संध्याकाळी तो आम्हीच खाल्ला.

दुसऱ्या दिवशी मी मालकाकडे गेलो. माणूस गोड. मला काका म्हणाला, कोकम सरबत दिलं आणि वाटेचा काही कागद असेल तर दाखवा म्हणाला. माझा संताप अनावर झाला. कागद? नदीने कुठल्या कचेरीत अर्ज केला होता वाहण्याआधी? सरबत अर्धं टाकून मी उठलो, आणि त्याच आठवड्यात तालुक्याच्या कचेरीत जाऊन वहिवाटीचा अर्ज देण्यासाठी उभा राहिलो.

तिथल्या बाईंनी शांतपणे बागेच्या मोजणीची फाईल काढली. लगतच्या जमीनधारकाचा जबाब होता: सदर जागेतून वाट नाही. खाली सही होती. वळणदार, शाळामास्तराची, माझीच.

तेव्हा आठवलं. बाग विकण्याआधी मोजणी झाली, तेव्हा शेजारी म्हणून मला बोलावलं होतं. मोजणीवाल्याने विचारलं, इथून वाट आहे का, लिहू का? जुने मालक समोर उभे. इतकी वर्षं ज्यांनी आम्हाला जाऊ दिलं, त्यांच्या तोंडावर त्यांच्या जमिनीत आमची वाट आहे म्हणायचं? आमच्याकडे याला भांडखोरपणा म्हणतात. मी हसून म्हटलं, "छे, वाट कसली. आपलं जाणं-येणं आहे इतकंच." मालकही हसले. मग सगळ्यांनी मिळून शहाळी प्यायली. रत्नागिरीच्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवलेला माणूस मी, आणि पायाखालची वाट मी कागदावरून पुसून टाकली. वर स्वतःच्या सभ्यपणावर खूशही झालो होतो.

घरी येऊन मी कागदावर वाटच नाही म्हणालो, तेव्हा आईने विचारलं, वाट नाही असं सांगितलं कुणी. मी म्हटलं, त्या वेळच्या पंचांनी. कुठल्या, ते तिने विचारलं नाही.

सोमवारी ती मला घेऊन देवळात गेली. नारळ तिने स्वतः निवडला होता. वाडीतली आठ-दहा माणसं जमली. गुरवाने नारळ देवापुढे ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं. ही तुझी लेक, बहिणीच्या भेटीला तळमळते आहे, तिची वाट मोकळी कर. लोक म्हणाले, "होय महाराजा." मग आईने त्याला काहीतरी खुणावलं. त्याने आवाज चढवला, "आणि ज्या कुणी वाट नाय म्हणून सांगितलान, त्याचा तू सोक्षमोक्ष लाव रे महाराजा."

"होय महाराजा," सगळे म्हणाले.

आईला हल्ली कमी ऐकू येतं. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. "तू म्हनलास ना रे?"

मी हात जोडले आणि म्हटलं, तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.