पाळण्यात वरवंटा

मंडळी, लेकीच्या बाळासाठीचा पाळणा आज दुपारी पुरा झाला. लालबागच्या चाळीतली आमच्या खोलीबाहेरची गॅलरी, हाच माझा कारखाना. दोन महिने खपले. शेजारीण म्हणते, ऑनलाइन मिळतो. मिळू दे.

माझे वडील, दादा, गिरणीत सुतार. संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ असला की सकाळी मोर्चाला जायचे आणि उरलेला दिवस याच गॅलरीत माझा पाळणा करायचे. माझा जन्म व्हायचा होता. रिकामा पाळणा हलवायचा नाही, म्हणून आई त्यांना झोका देऊन बघू देईना. शेवटी त्यांनी वरवंटा लुगड्यात गुंडाळून आत निजवला आणि झोका दिला. आईने हे मला शंभरदा सांगितलंय.

आज मीही तेच केलं. दादांनी ठोकलेल्या कड्यांनाच पाळणा टांगला, आईच्या लुगड्यात वरवंटा गुंडाळून ठेवला. जरासुद्धा कुरकुर नाही. लगेच लेकीला लंडनला व्हिडिओ कॉल लावला.

ती म्हणाली, "आई, डॉक्टर प्रवास नको म्हणतात. बाळंतपण इथेच करावं लागेल."

"बरं गं," म्हटलं. "तू जप. पाळणा काही पळून जात नाही."

तुम्ही काय केलं असतं? पाळणा उतरवून ठेवला असता?

माझ्याने होईना. वरवंटा काढला तर तो रिकामा होईल. संध्याकाळची चटणी मी मिक्सरला लावली.